ऐकताय ना?

शुभदा मोहितेने इअरबड्सची ती नवी जोडी घेतली ती निव्वळ वैतागून. जुन्या जोडीचं फोनशी जमायचं, टॅबलेटशी मनात आलं तर जमायचं आणि कम्प्युटरशी कधीच जमायचं नाही. एकीकडून तोडा, दुसरीकडे शोधा, बटण दाबून धरा, दिवा लुकलुकेपर्यंत थांबा, आणि एवढं करून आवाज भलत्याच ठिकाणाहून यायचा. तिचं कामच ऐकण्याचं होतं. डोंगरावरच्या वीजप्रकल्पांच्या मदतकेंद्रावर येणारे मराठी कॉल यंत्र आपोआप लिहून काढायचं, आणि यंत्राने बरोबर लिहिलंय का ते शुभदा ऐकून तपासायची. साताऱ्यातल्या घरी, बैठकीच्या खोलीत, नवऱ्याच्या पलंगाशेजारी टेबल मांडून.

नवरा, रणधीर, पवनचक्क्या दुरुस्त करायचा. तपासणीची बरीचशी कामं आता ड्रोन करत. पण ड्रोनला नुसतं दिसतं, घट्ट झालेला बोल्ट त्याला सोडवता येत नाही, असं रणधीर म्हणायचा आणि दोर बांधून वर चढायचा. बोलायला मोठा तिरकस माणूस. इतक्या उंचीवरून तो कधी पडला नाही. पडला तो घरी येताना, धुक्यात, घाटातल्या वळणावर मोटरसायकल घसरून. डोक्याला मार लागला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आणि काही आठवड्यांनी त्याने डोळेही उघडले. पण त्या डोळ्यांना नजर नव्हती. हात दाबला तरी तो दाबत नव्हता, हाक मारली तरी बघत नव्हता. श्वास आपला आपण घेत होता, अन्न नळीतून जात होतं. शरीर जागं आहे, पण आत जाणीव असल्याची खूण सापडत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दोघांचाच संसार. मदतीला रणधीरचे थोरले भाऊ होते, विश्वासराव. शुभदा त्यांना दादा म्हणायची. दर रविवारी ते गावाहून यायचे, रणधीरची दाढी करायचे आणि त्याच्यासाठी टॅबलेटवर जुनी भावगीतं लावून द्यायचे. गाण्यांचा उपयोग होतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

अशाच एका रविवारी, हातात चहाचे कप घेऊन, पलंगाच्या दोन बाजूंना बसून त्या दोघांनी एक निर्णय घेतला. रणधीरच्या छातीत संसर्ग व्हायची भीती कायमची होती. पुन्हा तसं झालं, तर व्हेंटिलेटर लावायचा नाही.

"असं पडून राहण्यापेक्षा सुटलेला बरा गं तो," दादा म्हणाले होते.

शुभदाने मान हलवली होती. ते गेल्यावर ती रणधीरच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "अहो, माझ्यासाठी थांबू नका. जा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना तो निर्णय कळवला. नवे इअरबड्स आले ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

त्या वर्षी अशा 'स्वयंजोड' इअरबड्सचा सगळीकडे बोलबाला होता. त्यामागचं विज्ञान तसं सरळ होतं. आपण कुणाचं बोलणं ऐकतो, तेव्हा मेंदूच्या ऐकण्याच्या भागात विजेच्या अगदी क्षीण लाटा उठतात, आणि बोलणाऱ्याचा आवाज जसा चढतो-उतरतो तशा त्याही चढतात-उतरतात. एकाच वेळी दोन माणसं बोलत असली, तर कानांवर दोघंही पडतात, पण लाटा चालतात त्याच्या तालावर, ज्याच्याकडे आपलं लक्ष असतं. मेंदूचा हा भाग कानाच्या जवळच असतो. त्यामुळे इअरबडवर धातूचे बारीक ठिपके बसवले, तर कानाच्या आतूनच त्या लाटा टिपता येतात.

पुढचं काम संगणकाचं. इअरबड्स फोन, टॅबलेट आणि कम्प्युटर या तिन्हींना एकदमच जोडलेले असायचे. तिन्हींचे आवाज ते हलकेच कालवून ऐकवायचे, मेंदू कुणामागे चाललाय ते बघायचे आणि तेवढाच आवाज मोठा करून बाकीचे मिटवून टाकायचे. मग थोड्या थोड्या वेळाने मिटवलेले आवाज पुन्हा किंचित उघडून बघायचे, मालकाचं लक्ष दुसरीकडे गेलंय का म्हणून. बटण दाबायची गरजच संपली. इअरबड्सच्या डबीवर एक दिवा असायचा. फोनचा निळा, टॅबलेटचा हिरवा, कम्प्युटरचा पांढरा. लक्ष कुठेच नसलं की दिवा विझायचा.

ही सोय लोकांना आधी आवडली आणि मग टोचू लागली. कारण आपलं लक्ष कुठे आहे हे आता दुसऱ्यालाही दिसत होतं. साहेब लोक बैठकीत डब्या टेबलावर ठेवायला सांगू लागले. काही शिकवण्यांमध्ये मुलांनी दिव्यावर काळी टिकली चिकटवायला सुरुवात केली. ज्याचं लक्ष उडतं त्याचं बिंग हा दिवा फोडतो, यावर पुष्कळ चर्चा झाली. ज्याचं लक्ष आहे पण ते सांगता येत नाही, अशा माणसाचा विचार मात्र कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

एका दुपारी रणधीरच्या जुन्या हेडफोनची वायर तुटली. शुभदाने आपले इअरबड्स त्याच्या कानांत बसवले, टॅबलेटवर दादांची गाणी लावली आणि ती कामाला बसली. डबीवर हिरवा दिवा लागला होता. स्पीकरवरच ऐकू, असं ठरवून तिने कम्प्युटरवर पुढचा कॉल सुरू केला. पडद्यावर अक्षरं सरकू लागली, पण आवाज येईना.

"झालं पुन्हा सुरू," ती पुटपुटली. तिने डबीकडे पाहिलं. दिवा पांढरा झाला होता. म्हणजे कम्प्युटरचा आवाज इअरबड्समध्ये जात होता.

तिने तो कॉल थांबवला. दिवा हिरवा झाला. पुन्हा सुरू केला. जरा वेळाने दिवा पांढरा. महागाची वस्तू घेऊनही तेच दुखणं, म्हणून तिला राग आला. तिने दुसरा कॉल लावला. कुणी बाई शेताच्या बांधावर रोवलेल्या खांबाची तक्रार करत होत्या. दिवा क्षणभर पांढरा झाला आणि परत हिरव्यावर गेला. पहिला कॉल लावला, तर पांढरा झाला आणि तसाच राहिला.

आता तिने पडद्यावरची अक्षरं नीट वाचली. पठारावरचा एक तंत्रज्ञ बोलत होता. वारा वाढला की गिअरबॉक्समधून घासल्यासारखा आवाज येतोय, तेल बदललं तरी जात नाही, काय करू?

शुभदा उठून पलंगाजवळ गेली. रणधीर नेहमीसारखाच छताकडे डोळे लावून पडला होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. डबीवरचा पांढरा दिवा कॉल संपेपर्यंत हलला नाही.

"अहो," तिला स्वतःचाच आवाज परका वाटला, "ऐकताय ना?"

डॉक्टर तस्नीम मुल्ला दुसऱ्या दिवशी घरी आल्या. रणधीरवर पहिल्यापासून त्याच उपचार करत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबी हातात घेऊन बघितली.

"शुभदाताई, आज मी तुम्हाला आशा दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "नवा आवाज आला की झोपलेला मेंदूही त्याच्याकडे वळतो. ते नुसतं दचकणं झालं. पण मी सांगेन तो आवाज त्यांनी धरला, सांगेन तेव्हा सोडला, तर ते दचकणं नाही. त्याला समजणं म्हणतात. आपण ते तपासू."

"पण मागच्या तपासण्यांत तर काहीच आलं नव्हतं."

"मागच्या वेळी आम्ही काय विचारलं? बोट हलवा, डोळे मिटा. हुकूम समजला, पण हातापर्यंत पोचलाच नाही, तर आम्हाला बाहेरून काय दिसणार?"

त्यांनी फोनवर स्वतःच्या आवाजात एक गोष्ट वाचली, टॅबलेटवर शुभदाला दुसरी वाचायला लावली. दोन्ही आवाज सारखे केले. मग रणधीरच्या जवळ जाऊन स्पष्ट सांगितलं, "रणधीरराव, आता फोनवरचा आवाज ऐका. दुसऱ्याकडे लक्ष देऊ नका."

दिवा निळा झाला.

"आता तो सोडा. टॅबलेटवरचा धरा."

मध्ये बराच वेळ गेला. मग हिरवा.

डॉक्टरांनी गोष्टींची अदलाबदल केली. आवाज बदलले, क्रम बदलला. शुभदाला तोंड फिरवून उभं केलं, तिच्या चेहऱ्यावरून आपल्यालाच काही सुचायला नको म्हणून. दिवा सांगितलेल्या ठिकाणी जात राहिला. अगदी शेवटी चुकू लागला आणि मग विझला.

"थकले," डॉक्टर म्हणाल्या. मग खुर्ची ओढून त्या रणधीरसमोर बसल्या, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. "रणधीरराव, मी डॉक्टर तस्नीम. इतके महिने मी तुमच्यासमोर तुमच्याबद्दल बोलत आले. आजपासून तुमच्याशी बोलेन."

शुभदा भिंतीला टेकून खाली बसली. रडावं की हसावं हे तिला कळत नव्हतं. आणि त्याच क्षणी दुसरी एक गोष्ट तिच्या मनात आली. त्याला कळत होतं. म्हणजे तेही कळलं होतं.

दादांना तिने फोनवर काही सांगितलं नाही, रविवारी ते आल्यावर करूनच दाखवलं. दिव्याचे रंग बदलताना ते बघत राहिले. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. शुभदा मागोमाग गेली.

"म्हणजे त्या दिवशी आपण चहा पीत बोललो ते..."

"हो दादा. मी नंतर जे बोलले तेही."

"यंत्रं चुकतात, शुभदा."

"चुकतात. पण डॉक्टरांनी उलटसुलट करून बघितलंय."

दादा कठड्याला धरून उभे होते. "दाढी करायची राहिलीय त्याची," ते म्हणाले. "पण त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं बसू?" आणि खोलीत न जाताच ते जिना उतरून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

तापाने मात्र वाट बघितली नाही. एका सकाळी शुभदाने रणधीरच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. त्याच्या छातीत घरघर होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळसर झाले होते. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी जुना निर्णय बघितला आणि तिला बाजूला घेऊन विचारलं, "व्हेंटिलेटर लावायचा नाही असं आधी ठरलंय. तेच कायम ठेवायचं का?"

उत्तर दिलं ते मागून आलेल्या डॉक्टर तस्नीमनी.

"ते ठरलं तेव्हा आपण धरून चाललो होतो की त्यांना कळत नाही. आता ते विचारायचं असेल तर त्यांना विचारा. ऑक्सिजन वाढवा. थोडा वेळ आहे आपल्याकडे."

शुभदाने टॅबलेट आणि इअरबड्सची डबी बरोबर आणली होती. डॉक्टरांनी इअरबड्स रणधीरच्या कानांत बसवले, फोन आणि टॅबलेट समोर ठेवले. "एक आवाज 'हो'चा, एक 'नाही'चा. पण तुमचा नको, शुभदाताई. उत्तर काहीही असलं तरी ते तुमच्या आवाजाकडेच ओढले जातील. आणि माझा एकीकडे, परक्याचा दुसरीकडे, असंही नको. दोन्हीकडे एकच माणूस हवा."

"माझा घ्या," दारातून आवाज आला. दादा उभे होते. सकाळी शुभदाचा फोन आल्याबरोबर ते निघाले होते.

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि उरमोडी नदीत दोघं भाऊ पोहायला शिकले ते सांगितलं. कंबरेला बांधलेला डबा सुटला आणि रणधीर तरीही बुडाला नाही ते. मग टॅबलेटवर गावच्या जत्रेतली कुस्ती सांगितली. रणधीर चितपट झाला आणि अंगावरची माती झटकत म्हणाला, पाठीला खाज सुटली होती. दोन्ही सांगताना त्यांचा आवाज सारखाच कापत होता.

मग ते भावाच्या कानाशी वाकले. "रणधीर, मी काय बोललो होतो ते सोड. मी माझ्या जीवाला विचारून बोललो, तुझ्या नाही. आता तुझं तू सांग. श्वासाला मशीन लावू का? लावायचं असेल तर नदी ऐक. नको असेल तर जत्रा ऐक. काहीही सांगितलंस तरी चालेल आम्हाला."

दोन्ही आवाज एकदम सुरू झाले. डबीवर काहीच नव्हतं. बाजूच्या पलंगाचं यंत्र टिकटिकत होतं. मग हिरवा दिवा चमकला.

हिरवा म्हणजे जत्रा. शुभदाने डोळे मिटून घेतले.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "स्थिर नाहीये."

तिने डोळे उघडले तेव्हा दिवा विझलेला होता. मग तो निळा झाला. निळाच राहिला.

डॉक्टरांनी अदलाबदल केली. आता नदी टॅबलेटवर आणि जत्रा फोनवर होती. प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी हिरवा, आणि हलला नाही. परत उलटं केलं. निळा.

"हो म्हणतायत," डॉक्टर तस्नीम म्हणाल्या आणि वळल्या. "तयारी करा. नळी घालायची."

शुभदाला आणि दादांना बाहेर पाठवलं. बाकावर बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दादांचा हात गच्च धरलाय, आणि दादा लहान मुलासारखे हुंदके देतायत. किती महिन्यांनी तिला वाटलं, की आता जे होईल ते होऊ दे. रणधीरच्या जगण्या-मरण्याचा निर्णय तिच्या डोक्यावरून उतरला होता. ज्याचा होता त्याने तो घेतला होता.

संसर्ग आटोक्यात आला. व्हेंटिलेटर निघाला. रणधीर घरी आला तो वजनाने निम्मा झालेला. डॉक्टर तस्नीमनी स्पष्टच सांगितलं, की तो चालेल-बोलेल असं वचन कुणी देऊ नये. पण व्यायाम पुन्हा नेटाने सुरू करू, आणि बोलणं तर आजपासून सुरू. त्यांनी कम्प्युटरलाही कामाला लावलं. फोन म्हणजे हो, टॅबलेट म्हणजे नाही, कम्प्युटर म्हणजे दुसरं काहीतरी, पुढे विचारा. तिन्हींवर आता दादांचाच आवाज होता.

पहिल्या रविवारी दादांनी दाढी करून झाल्यावर विचारलं, "गाणी लावू का रे?"

हिरवा. इतक्या झटकन, की शुभदा चकित झाली.

"नको? आत्ता नको?"

पांढरा.

"म्हणजे... कधीच नको?"

निळा.

"अरे, सहा महिने मी दर रविवारी लावत होतो ती!"

निळा दिवा हलला नाही. दादांनी टॅबलेटवरची सगळी भावगीतं तिथल्या तिथे पुसून टाकली, आणि शुभदाने पठारावरच्या तंत्रज्ञाच्या गिअरबॉक्सचं पुढे काय झालं ते कार्यालयातून विचारून घेऊन रणधीरला सांगितलं.

पण तिच्या मनात जे होतं ते विचारायचं राहिलंच होतं. कधी दादा गेल्यावर विचारू, कधी उद्या विचारू, असं चाललं होतं. एका दुपारी दादांसमोरच तिने विचारून टाकलं.

"अहो, त्या संध्याकाळी मी म्हणाले होते, माझ्यासाठी थांबू नका, जा तुम्ही. ऐकलं होतंत?"

निळा.

"राग आला?"

दिवा पांढरा झाला. दुसरं काहीतरी.

"वाईट वाटलं?"

पांढरा.

"मग काय? मी कंटाळले असं वाटलं? खरं सांगा."

पांढरा, आणि पुन्हा पांढरा. शुभदाचे डोळे भरून आले. अजून काय विचारावं ते तिला सुचेना. दादा पलंगाच्या कडेला बसून भावाच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांनी त्याला लहानपणापासून ओळखलं होतं.

"शुभदा," ते हळूच म्हणाले, "तू याला जा म्हणालीस. याला बोट हलवता येत नव्हतं. काय रे, जाऊ म्हणजे कुठं जाऊ, असं म्हणायचंय का तुला?"

दिवा निळा झाला.

आधी दादा हसले. मग शुभदा हसली, पदर तोंडाला लावून. इतक्या महिन्यांत त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती थांबू शकत नव्हती. अगदी त्याचंच उत्तर होतं ते. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

"कुठंही नका जाऊ," ती म्हणाली. "आता खरंच सांगतेय. इथंच राहा."

निळा.

मग ती कितीतरी वेळ बोलत राहिली. शेजाऱ्यांकडे नवीन बाळ आलं होतं ते, बाजारात पहिली स्ट्रॉबेरी दिसली ते, तिला कामावर बढती मिळणार असं चाललं होतं ते. बोलता बोलता तिचं लक्ष डबीकडे गेलं. दिवा विझला होता.

तिने रणधीरच्या छातीवर हात ठेवला. श्वास संथ चालला होता. पापण्या मिटल्या होत्या.

"झोपले," ती दादांना म्हणाली. "चला, जेवून घेऊ. मी पानं वाढते, तोवर तुम्ही..."

"हळू बोल की," दादा कुजबुजले. "जागा होईल तो."